गुरुवारी टब धुणार असाल तर आधी एमसीबी पाडा

उद्या गुरुवार, म्हणजे आमच्या सेंटरवर आइस बाथचा टब रिकामा करून धुवायचा दिवस, आणि मागे मी जो घोळ घालून ठेवला तो अजून कुणी घालू नये म्हणून हे लिहितोय. टबातलं थेंबभर पाणी सोडायच्या आधी चिलरचा (टबाचं पाणी गार करणारं यंत्र) आणि पंपाचा एमसीबी, म्हणजे लाईटच्या बोर्डावरचा खटका, खाली पाडा. पॅनलवरचं बटण दाबून बंद केलं हे चालणार नाही, ॲपवरून तर नाहीच. एमसीबी पाडा आणि वर चिकटपट्टी मारा.

झालं काय, पुण्यात दुरुस्तीसाठी लाईट जायची तर ती गुरुवारीच जाते, मी म्हटलं तेवढ्यात टब उरकून घेऊ, लाईटच नाही म्हणजे चिलर बंदच आहे की, वेगळं काय बंद करायचं? पाणी सोडलं, घासलं, चहाला गेलो आणि अडीचला लाईट आली. पॅनलला ऑटो रिस्टार्ट. पंप रिकाम्या टबावर कोरडा फिरला, सील जळालं. अशा वेळी, पाणी वाहायचं थांबलं की, चिलर थांबवायला फ्लो स्विच असतो, पण त्याच्या पात्यावर क्षार चढून ते अडकून बसलेलं, त्यामुळे चिलरला वाटलं पाणी वाहतंय, तो आपला गार करत बसला आणि कॉइलमध्ये उरलेलं पाणी गोठून कॉइल फुटली. मी आलो तेव्हा जळक्या रबराचा वास आणि पाइपवर बर्फाची पांढरी साय. तीन आठवडे टब बंद. तर लाईट असो नसो, एमसीबी पाडा.

आता तयारी बुधवारपासून. गुरुवारी बऱ्याचदा कॉर्पोरेशनचं पाणीही बंद असतं, त्यामुळे वरची टाकी आदल्या रात्री भरून ठेवा. टँकर मागवलात तर पाणी बहुतेक बोअरचं, जड, आणि तोच क्षार मग फ्लो स्विचवर आणि जंतू मारणाऱ्या यूव्ही दिव्याच्या काचेच्या नळीवर बसतो. म्हणून व्हिनेगर किंवा पाण्यात कालवलेलं सायट्रिक ॲसिड हाताशी ठेवा, दोन्ही त्यात भिजवून पुसा. फ्लो स्विचचं पातं बोटाने हलवून बघा, खट्कन परत आलं पाहिजे. (एमसीबी पाडलाय ना? मग हात घाला.)

फिल्टरची कार्ट्रिज दोन हवीत, एक टबात, एक धुवून वाळवलेली. काढलेली रात्रभर डिटर्जंटच्या पाण्यात भिजवायची, कारण लोक बाम, तेल, सनस्क्रीन सगळं अंगावर घेऊन उतरतात, आंघोळ करून उतरा अशी पाटी असली तरी. तेलकट कार्ट्रिज थेट ॲसिडमध्ये टाकू नका, तेल आत घट्ट बसतं. गाड्या धुवायचा प्रेशर पंप पण नको, घड्या फाटतात. आणि बाथरूमचं ॲसिड आणि क्लोरीन एका बादलीत कधीही नाही, विषारी गॅस होतो, यावर चर्चा नाही.

बादली, स्पंज, हातमोजे सांगत नाही. तारेची घासणी नको, ॲक्रिलिकवर ओरखडे पडले की बुळबुळीत थर तिथेच धरतो. बाकी तो पायरीखाली आणि पाणी परत येतं त्या तोंडात सापडतो, हात घालून बघा, शी वाटेल. गार पाण्यात जंतू मरतात हा गोड गैरसमज आहे, ते फक्त सावकाश वाढतात, म्हणून क्लोरीन लागतंच.

दर आठवड्यालाच का, असं आमचा पोरगा विचारतो. हॉट टबला एक हिशोब वापरतात, टबाच्या लिटरला साडेअकराने भागायचं, मग रोज उतरणाऱ्या माणसांनी, येतील तेवढ्या दिवसांनी पाणी बदलायचं. आमचा टब १००० लिटरचा, रोज बाराएक माणसं, म्हणजे सातएक दिवस. तुमच्याकडे रोज पंचवीस उतरत असतील तर गुरुवारची वाट बघू नका.

चिलरच्या मागच्या जाळीवरची धूळ मऊ ब्रशने, पत्रे वाकवू नका. आरसीसीबीचं (करंट गळला की लाईट तोडणारा खटका) टेस्ट बटण दाबून बघा, पाण्यात माणूस बसतो.

भरताना आधी ड्रेनचा व्हॉल्व्ह बंद (हसू नका), बाकीचे उघडे, पाणी सक्शनच्या (पंप पाणी ओढतो त्या तोंडाच्या) वर, फिल्टरची हवा काढा, मग पंपाचा एमसीबी, पाणी नीट वाहतंय बघून पाचेक मिनिटांनी चिलरचा. उलट नाही. क्लोरीनची पावडर बादलीत विरघळवून टाका, गार पाण्यात ती तळाशी बसून डाग पाडते. पीएच ७.२ ते ७.८, फ्री क्लोरीन निदान ३ पीपीएम. थेंब टाकून पिवळं होणारं ओटीओ किट एकूण क्लोरीन दाखवतं, फ्री नाही, डीपीडीवालं घ्या.

तारीख रजिस्टरला. १ टनाच्या चिलरला १००० लिटर २८ वरून ८ अंशांवर आणायला साडेसहा-सात तास लागतात, त्यामुळे गुरुवारी संध्याकाळचं बुकिंग घेऊ नका, मी या आठवड्यात दोन घेऊन बसलोय, आता फोन करतो त्यांना.