मॉरिशसची मतमोजणी ठाण्यात बसून कशी करून पाहावी

मॉरिशसची राज्यव्यवस्था अभ्यासायला घेतली की बहुतेक अभ्यासगट पदांची यादी पाठ करू लागतात; पण ती पदे आपल्याला ओळखीचीच असल्याने त्यातून फारसे काही हाती लागत नाही. सभागृह एकच, राष्ट्रपतीची निवड त्याच सभागृहाकडून पाच वर्षांसाठी, आणि कारभार बहुमत पाठीशी असलेल्या पंतप्रधानाकडे, एवढे टिपून पुढे जावे. वेळ द्यावा तो जागांच्या मोजणीला, कारण १९६८ मध्ये स्वतंत्र झालेल्या या बहुवांशिक देशाने समाजा-समाजांत केलेली तडजोड तिथेच दिसते.

आधी फळ्यावर आकडे मांडावेत. मुख्य बेटावर २० मतदारसंघ, प्रत्येकी ३ सदस्य, रॉड्रिग्ज बेटाचे २, एकूण ६२. बहुसदस्यीय प्रभागाची सवय असलेल्या ठाणेकराला हे चटकन समजते, मात्र इथेच गल्लतही होते. २०१७ च्या ठाणे महापालिका निवडणुकीत चार सदस्यांच्या प्रभागातील अ, ब, क, ड या चार स्वतंत्र लढती होत्या. मॉरिशसमध्ये मतपत्रिकेवर एकच यादी असते, मुख्य बेटावरील मतदाराला तीन नावांवर खूण करावीच लागते, आणि सर्वाधिक मते मिळवणारे तिघे निवडून येतात. तीन पॅनेलची नऊ नावे घेऊन गटातील सर्वांनी एकदा ठाण्याच्या आणि एकदा मॉरिशसच्या पद्धतीने मतदान करावे. लोक पॅनेल पाहून मत देऊ लागले की मोठ्या आघाडीला सगळेच कसे मिळते, हे लगेच कळेल. १९८२, १९९५ आणि २०२४ मध्ये मुख्य बेटावरील सर्व ६० जागा एकाच आघाडीने जिंकल्या होत्या.

यानंतरचा भाग किचकट, पण सर्वांत रंजक आहे. निकालानंतर ‘बेस्ट लूझर’ पद्धतीने, म्हणजे पराभूतांतील उत्तम कामगिरी करणाऱ्यांमधून, जास्तीत जास्त ८ सदस्य घेतले जातात. संविधान चार समाज मानते: हिंदू, मुस्लिम, चिनी वंशाचे आणि उर्वरित सर्वसाधारण लोकसंख्या. प्रत्येक समाजाच्या लोकसंख्येला त्याच्याकडील जागा अधिक एक या संख्येने भागावे; ज्याचा भागाकार सर्वांत मोठा, त्याला पुढची जागा. समजा, एका समाजाचे १,४०,००० लोक व ९ जागा आहेत, दुसऱ्याचे २,४०,००० लोक व १६ जागा. पहिल्याचा भागाकार १४,०००, दुसऱ्याचा सुमारे १४,११८, म्हणून जागा दुसऱ्याला जाते. आता त्याला १८ ने भागल्यावर १३,३३३ येतात, त्यामुळे पुढची जागा पहिल्याला मिळते. समाज ठरला की त्यातील पक्षीय उमेदवारांपैकी मतांची टक्केवारी सर्वाधिक असलेला पराभूत निवडावा.

पहिल्या चार जागा देताना पक्ष पाहिला जात नाही. त्यांपैकी जितक्या इतर पक्षांकडे गेल्या, तितक्या दुसऱ्या चारांतून शक्यतो सर्वांत यशस्वी पक्षाला, समाजाचा निकष सांभाळून, दिल्या जातात, म्हणजे मतदारांनी दिलेले बहुमत ढळत नाही.

लोकसंख्येचे आकडे शोधताना ताजी जनगणना वापरू नये, कारण ही गणना आजही १९७२ च्या आकड्यांवरच चालते. माझ्या मते या पद्धतीचा सर्वांत लंगडा भाग हाच आहे. उमेदवाराने स्वतःचा समाज जाहीर करण्याच्या सक्तीवर संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने २०१२ मध्ये आक्षेप घेतला, आणि २०१४ च्या निवडणुकीपुरती ती सक्ती शिथिल करण्यात आली. तेथील मराठी, तमिळ किंवा तेलुगू मुळाच्या हिंदू कुटुंबांसाठी वेगळा रकाना करू नये. संविधानाच्या हिशेबात ती सर्व हिंदू समाजातच मोडतात.

शेवटी १९८२ सारखा निकाल मांडून हीच रीत पुन्हा करावी. जिंकलेल्या आघाडीचे साठही उमेदवार निवडून आले असल्याने तिच्याकडे पराभूत उरतच नाही आणि दुसरा टप्पा तिच्यासाठी अडतो. मुख्य बेटावरील विरोधकांना मात्र पहिल्या टप्प्यातूनच सभागृहात पाऊल ठेवता येते.