‘एलियन: रोम्युलस’ पाहण्याआधी काय पाहावे

फेडे अल्वारेझ यांनी दिग्दर्शित केलेला आणि ऑगस्ट २०२४ मध्ये प्रदर्शित झालेला ‘एलियन: रोम्युलस’ हा ‘एलियन’ या अंतराळातील भयपटांच्या मालिकेतील सातवा चित्रपट आहे. (‘प्रेडेटर’ या दुसऱ्या परग्रही शिकाऱ्याबरोबरच्या लढतींचे दोन चित्रपट मी या मोजणीत धरलेल्या नाहीत आणि या तयारीत त्यांच्यावर वेळही घालवू नये.) पात्रे नवी असल्यामुळे आधीचे काहीही न पाहता तो समजतो, मात्र त्यातील अर्धी गंमत जुन्या खुणा ओळखण्यात आहे.

पहिला प्रश्न क्रमाचा. रिडली स्कॉट यांच्या १९७९ च्या ‘एलियन’ची कथा २१२२ मध्ये, जेम्स कॅमेरॉन यांच्या १९८६ च्या ‘एलियन्स’ची २१७९ मध्ये, तर ‘रोम्युलस’ची २१४२ मध्ये घडते. त्यामुळे कालक्रम पाळून तो या दोघांच्या मध्ये पाहावा, असे कोणालाही वाटेल. तसे करू नये. ‘रोम्युलस’ची नायिका रेन हिला बंदूक चालवायला शिकवली जाते तो प्रसंग आणि तिचा सोबती असलेला कृत्रिम मानव अँडी याच्या तोंडी आलेले एक गाजलेले वाक्य, हे दोन्ही ‘एलियन्स’ पाहिलेल्या प्रेक्षकाला समोर ठेवून रचलेले आहेत. म्हणून प्रदर्शनाचाच क्रम धरावा.

‘एलियन’ रात्री, दिवे मालवून आणि फोन दूर ठेवून पाहावा. जवळजवळ तासभर रक्ताचा थेंबही दिसत नाही. सात जणांचे जहाज, पगारावरून होणारी कुरबूर आणि खडखडणारी यंत्रे एवढाच मामला असतो. या भागात कंटाळून चित्रपट पुढे सरकवला, तर जेवणाच्या टेबलावरील प्रसंगाचा धक्का निम्मा उरतो. जहाजावरील जाडजूड पडदे, हिरवट अक्षरे आणि मोठाल्या कळा नीट पाहून ठेवाव्यात, कारण ‘रोम्युलस’ने १९७० च्या दशकात कल्पिलेले हेच भविष्य पुन्हा उभे केले आहे. अ‍ॅशची भूमिका करणाऱ्या इयान होम यांचा चेहराही लक्षात ठेवावा. होम २०२० मध्ये निवर्तले, तरी त्यांच्या चेहऱ्याचा एक कृत्रिम मानव ‘रोम्युलस’मध्ये भेटतो, माझ्या मते ती या चित्रपटाची सर्वांत दुबळी बाजू आहे, कारण त्याच्या ओठांच्या हालचालीतला खोटेपणा लपत नाही.

‘एलियन्स’च्या दोन आवृत्त्या मिळतात. प्रथमच पाहणाऱ्याने चित्रपटगृहात दाखवलेली, १३७ मिनिटांची आवृत्ती निवडावी. १५४ मिनिटांच्या आवृत्तीत नायिका रिप्लीच्या मुलीचा हळवा प्रसंग आहे खरा, पण संकट येण्यापूर्वीची वसाहत त्यात आधीच दाखवल्यामुळे तेथे पोहोचणाऱ्या सैनिकांबरोबर आपल्यालाही वाटायला हवी ती अनिश्चितता कमी होते. यानंतर याच मालिकेतला २०१२ चा ‘प्रोमिथियस’ पाहावा, तोही मुख्यतः त्यातील काळ्या द्रवासाठी. ‘रोम्युलस’चा शेवट त्या द्रवाशिवाय अधांतरी वाटतो. त्याचा पुढचा भाग ‘कव्हेनंट’ वेळ असल्यास पाहावा.

प्रत्यक्ष ‘रोम्युलस’ पाहताना आवाजाची सोय चांगली ठेवावी. चेहऱ्याला चिकटणारे, कोळ्यासारखे जीव पसरलेल्या जागेतून जाण्याचा प्रसंग हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. हे जीव तापमानातील फरकावरून सावज ओळखतात, म्हणून आतील हवा माणसाच्या शरीराइतकी तापवली जाते आणि मग पात्रांनी आवाज न करता, न घाबरता चालायचे असते, कारण भीतीने अंग तापले तरी घात होऊ शकतो. पुढे गुरुत्वाकर्षण बंद केल्यावर एलियनचे आम्लाचे रक्त हवेत तरंगते तो प्रसंगही असाच नियमांवर उभा आहे.

तिसरा व चौथा भाग मात्र नंतरसाठी राखावेत. त्यांची कथा ‘एलियन्स’च्या पुढची आहे. शिवाय ‘रोम्युलस’च्या अखेरीस जे रूप समोर येते, त्याचा पूर्वज १९९७ च्या चौथ्या भागात आहे आणि तो आधी भेटला, तर ते रूप पाहताना बसणारा हादरा हुकतो.