रिकामा फ्लॅट भाड्याने देताना
कोल्हापुरात राजारामपुरीतील किंवा शिवाजी विद्यापीठाजवळील फ्लॅट रिकामा झाल्यास जाहिरात देण्याआधी गळके नळ बदलावेत आणि दिवसाच्या उजेडात फोटो काढावेत. बाथरूमचा फोटो वगळला, की विचारणारे नेमका तोच मागतात. भाडे, अनामत, मेंटेनन्स कोण भरणार आणि पाणी किती वाजता येते, हे जाहिरातीतच लिहावे. भाडेकरूची ओळखपत्रे पाहून त्याची माहिती पोलीस ठाण्याला द्यावी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक असून ती जबाबदारी घरमालकाची आहे; अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, हा समज चुकीचा असून तो महागात पडतो, कारण नोंदणीकृत करार नसताना वाद उद्भवल्यास अन्यथा सिद्ध होईपर्यंत भाडेकरूने सांगितलेल्याच अटी ग्राह्य धरल्या जातात. किल्ली देताना वीजमीटरचे रीडिंग दोघांच्या सहीने लिहून ठेवावे.