रोजची तिलावत मधेच तुटते? या चुका टाळा

रमजानमध्ये गावातल्या घराघरात तिलावतीसाठी, म्हणजे पढण्यासाठी, कुरआन उघडलं जातं. मशिदीत तरावीहच्या, म्हणजे रमजानातल्या रात्रीच्या नमाजेत, अख्ख्या कुरआनाचा खत्म होतो, बायका घरी वेगळा खत्म करतात, पोट्टेही तीसपैकी दोन-चार पारे (भाग) ओढतात. ईद झाली की महिनाभरात जुझदान (कुरआनाचं बासन) परत आलमारीच्या वरच्या खणात. मग ते खाली येतं कुणाच्या फातेहाला (मृतासाठीच्या दुआला), नाहीतर रमजानच्या आधीच्या शाबान महिन्यात. का म्हणून विचारलं तर उत्तर ठरलेलं: "ईमानच कमजोर आहे आपलं." मला हे पटत नाही. पाच वेळची नमाज न चुकवणारी, जकातीचा पै-पैचा हिशेब ठेवणारी माणसं नेमकी तिलावतीतच का मागे पडतात? बहुतेकांनी सुरुवातच अशी केलेली असते की ती टिकणं शक्य नसतं.

तिलावतीचा सवाब (पुण्य) जुम्याच्या बयानात सगळ्यांनी ऐकलेला असतो. एका हर्फाला (अक्षराला) दहा नेक्या, आणि 'अलिफ-लाम-मीम' हा एक हर्फ नसून तीन, ही तिर्मिजी या संग्रहातली हदीस (प्रेषितांचं वचन) मकतबातल्या, म्हणजे मशिदीच्या शाळेतल्या, लेकरालाही येते. अल्लाहच्या स्मरणाने मनाला शांती लाभते असं सूरह (अध्याय) रअदमध्ये (13:28) आहे, तर सूरह बनी इस्राईलमध्ये (17:82) कुरआनला शिफा (रोगावरचा उतारा) आणि रहमत (दया) म्हटलंय. पण हे पदरात पडायला तिलावत चालू राहावी लागते, आणि घोडं तिथेच अडतं.

पहिल्याच दिवशी अख्खा पारा

ही सगळ्यात मोठी चूक. हिशेब कागदावर सुरेख दिसतो: पंधरा ओळींच्या हाफिजी कुरआनात एका पाऱ्याची साधारण वीस पानं, प्रत्येक नमाजेनंतर चार वाचली की दिवसाला पारा, महिन्याला खत्म. पेन्शन घेणाऱ्या गुरुजींना हे जमेल. ज्याच्या वावरात कपाशी वेचायला मजूर मिळत नाहीत, त्याला चौथ्या दिवशी जमत नाही, आणि पाचव्या दिवशी तो कुरआन हातातच घेत नाही.

प्रेषित मुहम्मद (स.) यांचं म्हणणं हजरत आयशा (रजि.) यांच्या तोंडून बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आलंय: अल्लाहला सगळ्यात आवडतं ते काम, जे थोडं का होईना, पण नेमाने केलं जातं. हे समोर ठेवून हिशेब उलटा मांडा. कुरआनाची पानं सुमारे 600. रोज दोन वाचली तर दहा महिन्यांत खत्म, वर दोन महिने गाठीला. पेरणी, डवरणी, लग्नसराई, दवाखाना, सगळं त्यात बसतं.

पानं मोजण्यापेक्षा रुकू, म्हणजे सूरहचा एक परिच्छेद, धरला तर मला जास्त बरं वाटतं. समासात ऐन हे अक्षर छापलेलं असतं, ती रुकूची खूण. विषय साधारण तिथे एक वळण घेतो, त्यामुळे वाक्य अर्धवट टाकून उठल्यासारखं होत नाही. रोज एक रुकू म्हटलं तर दीड वर्षात कुरआन पूर्ण होतं. घाई कुणाला आहे?

हंगाम विसरून वेळ ठरवणं

रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, पेरणी मात्र मृगाच्या पावसालाच बांधलेली. रमजानात ठरवलेली वेळ जूनमध्ये पाळता येत नाही, यात नवल काही नाही. विदर्भात आणखी एक भानगड आहे, लाइनची, म्हणजे विजेची. शेतीची थ्री-फेज रात्री आली की माणूस दोन-दोन वाजेपर्यंत मोटारीपाशी. असा माणूस फजरला (पहाटेच्या नमाजेला) उठला हेच पुष्कळ. त्याला "फजरनंतर अर्धा तास बसत जा" सांगणाऱ्याने एकदा त्याच्याबरोबर हरभऱ्याला पाणी देऊन पाहावं.

म्हणून नेम दोन ठेवा. उलंगवाडी (कपाशीचा हंगाम आटोपणं) झाल्यापासून पेरणीपर्यंतचा एक, जरा ऐसपैस. पेरणीपासून वेचणी संपेपर्यंतचा दुसरा, अगदी लहान: पाच आयती (कुरआनातली वचनं), किंवा शेवटच्या पाऱ्यातल्या दोन-तीन सूरह. या सूरह पाठ असल्या की मोठं काम होतं. कुरआनाला हात लावायला वुजू (हात-तोंड-पाय धुऊन केलेली शुद्धी) हवाच, चारही मजहबांचं (सुन्नी पंथांचं) त्यावर एकमत आहे. पण गुस्ल (शुद्धीची अंघोळ) करणं बाकी नसेल, तर पाठ असलेलं म्हणायला वुजूची अट नाही. अंगावर फवारणीच्या औषधाचा वास आहे, पाणी लांब आहे, कुरआन घरी आहे, तरी बंडीवर बसून सूरह अस्र, कौसर, इख्लास म्हणता येतात. पुष्कळांना हे ठाऊकच नसतं, आणि ते संध्याकाळपर्यंत वाट पाहत बसतात. सूरह मुज्जम्मिलमध्येच (73:20) सांगितलंय की जेवढं सोपं जाईल तेवढं पढा. आणि त्याच आयतीत आजारी माणसं आणि रोजीरोटीसाठी जमिनीवर वणवण करणारी माणसं, दोघांचा उल्लेख आहे.

पाठ केलेलं मात्र घोकत राहावं लागतं. कुरआन पाठ असणाऱ्याला हदीसीत बांधलेल्या उंटांच्या मालकासारखं म्हटलंय: लक्ष ठेवलं तर राहतात, सोडलं तर जातात. मकतबात पाठ झालेली सूरह मुल्क तिशीत अर्धीच आठवते, असे कितीतरी लोक आसपास आहेत.

भरधाव वाचणं, आणि कुणालाच न ऐकवणं

"आज दोन पारे झाले" हे सांगण्यात एक वेगळंच सुख असतं. पण त्याच मुज्जम्मिलमध्ये (73:4) हुकूम आहे तो तर्तीलचा, म्हणजे ठहरून, अक्षर न अक्षर मोकळं करून पढण्याचा. तीन दिवसांपेक्षा कमी वेळात कुरआन संपवणाऱ्याला ते समजलंच नाही, अशी हदीसही अबू दाऊद आणि तिर्मिजीत आहे.

वेगात पहिला बळी जातो उच्चारांचा. आपल्या घरची बोली वऱ्हाडी मराठी, नाहीतर दखनी वळणाची उर्दू. जाल, जे, ज्वाद, जोय ही अरबीतली चार वेगळी अक्षरं आपल्या तोंडी एकच 'ज' होऊन बसतात. से, सीन, स्वाद यांचा एक 'स' होतो. जालला जिभेचं टोक वरच्या पुढच्या दातांच्या कडेला लागलं पाहिजे, ज्वादला जिभेची कड वरच्या दाढांना. 'फे'ला वरचे दात खालच्या ओठाच्या आतल्या बाजूवर टेकतात. आपण 'फळ' म्हणतो तसे दोन्ही ओठ मिटून काढला की तो 'फे' राहत नाही.

लांबी-आखूडपणाचं तर विचारूच नका. सूरह अस्र तीन आयतींची, सगळ्यांना येते. 'इन्नल इन्साना लफी खुस्र', माणूस खरोखर तोट्यात आहे. इथला 'ल' आखूड आहे, तो वाक्याला जोर देतो. सूर लावायच्या नादात कुणी तो ओढला आणि 'ला फी खुस्र' केलं, की 'ला' म्हणजे 'नाही', आणि माणूस तोट्यात नाही असं ऐकू येतं. पूर्ण सूरहचा मुद्दाच उलटा. रोज म्हणणाऱ्या माणसाच्या हे लक्षात येत नाही, कारण त्याचं पढणं वर्षानुवर्षं कुणी ऐकलेलंच नसतं.

याला इलाज एकच: आठवड्यातून एकदा, दहा मिनिटं, इमामसाहेबांना किंवा गावातल्या हाफिजाला ऐकवा. बायकांसाठी मोहल्ल्यात शिकलेली एखादी आपा असते. मोठी माणसं इथे लाजतात. आमच्याकडे पन्नाशीचे एक चाचा असरच्या नमाजेनंतर नूरानी कायदा (अरबी अक्षरं शिकायचं पहिलं पुस्तक) घेऊन मौलानांपुढे बसायचे. बाजूला पहिली-दुसरीतली पोरं. 'ऐन' म्हणताना चाचांचा गळा घोगरा व्हायचा, पोरं खुदूखुदू हसायची, मौलाना पोरांवर डोळे वटारायचे आणि चाचांना म्हणायचे, "और एक बार." चाचा पुन्हा म्हणायचे. अडखळत, कष्टाने पढणाऱ्याला दुहेरी सवाब आहे, ही बुखारी-मुस्लिममधली हदीस अशा माणसांसाठीच असावी.

"आता या वयात जीभ वळत नाही" म्हणणाऱ्यांसाठी एक वर्ध्याचंच उदाहरण. विनोबा भावे मुसलमान नव्हते, मातृभाषा मराठी. पण मोठ्या वयात अरबी शिकून त्यांनी कुरआन मुळातून वाचलं, त्याच्या पठणाचा सराव केला आणि पुढे निवडक आयतींचं 'कुराण-सार' काढलं.

देवनागरीत छापलेल्या अरबीबद्दलही इथेच सांगतो. जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत शिकलेल्यांना तिचा मोठा आधार वाटतो, आणि सूरह पाठ करताना ती समोर ठेवायला माझी हरकत नाही. पण वर सांगितलेल्या चारही अक्षरांना तिथे एक 'ज' आणि फार तर एक नुक्ता मिळतो. कायदा शिकायला रोज थोडं बसलं तर काही महिन्यांत माणूस अरबी लिपी जुळवून वाचायला लागतो, मग कायमची कुबडी कशाला?

खुणा न पाहणं

आयतीच्या मधे वर बारीक अक्षरं असतात. बारीक 'मीम' दिसला तर तिथे थांबणं जरूर. सूरह यासीनची 76वी आयत पाहा. 'फला यहजुन्का कौलुहुम', त्यांच्या बोलण्याने तुम्ही दुःखी होऊ नका. इथे मीम आहे. पुढचं वाक्य अल्लाहचं: ते काय लपवतात आणि काय उघड करतात, ते आम्ही जाणतो. न थांबता एका दमात म्हटलं तर हे पुढचं वाक्य जणू त्या इन्कार करणाऱ्यांचंच बोलणं आहे असं वाटतं. मय्यतीच्या घरी यासीन किती वेगात पढली जाते ते आठवा.

दुसरी खूण सजद्याची, म्हणजे कपाळ जमिनीला टेकवण्याची. हनफी मजहबाप्रमाणे अशा 14 जागा, पहिली नवव्या पाऱ्यात, सूरह आराफच्या शेवटी. तिथे सजदा वाजिब (बंधनकारक) होतो. लगेच शक्य नसेल तर नंतर करता येतो, पण "नंतर" म्हणून राहूनच जातो. पेन्सिलीने वहीत टिपून ठेवा.

सौदा करणं

कर्ज फिटावं म्हणून रोज रात्री सूरह वाकिआ, भाव वाढावा म्हणून अमुक इतक्या वेळा तमुक आयत. रोज रात्री वाकिआ पढणाऱ्याला गरिबी शिवत नाही, ही रिवायत पुष्कळ मुहद्दिसांनी (हदीसच्या जाणकारांनी) कमजोर ठरवलीय. सूरह जरूर पढा, दुआही मागा. पण कापसाचा भाव पडला म्हणून तिलावत सोडणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि ती सगळी याच वाटेने आलेली. आकडा ठरवून पढलं, फळ दिसलं नाही, आणि उलट अल्लाहवरच रुसवा.

तिलावतीने मन थाऱ्यावर येतं, राग आवरतो, रात्री पडल्यावर तेच तेच विचार कमी फिरतात. नेमाने पढणारे हेच सांगतात. त्या थाऱ्यावर आलेल्या मनाने सोसायटीत जाऊन कर्जाचं बोलायचं असतं. आणि घरात कुणाची झोप महिनोन्महिने उडाली असेल, बोलणं बंद झालं असेल, तर तिलावतीसोबत डॉक्टरही हवा. शिफा मागणं आणि दवा घेणं यांत भांडण नाही.

अर्थाला हातच न लावणं

ही बरकत असलेली किताब उतरवली ती लोकांनी तिच्या आयतींवर विचार करावा म्हणून, असं सूरह सादमध्ये (38:29) आहे. अर्थ न कळता पढलं तरी सवाब आहे, म्हणून पढणं थांबवू नका. पण मुलांना उर्दू तर्जुमा नीट वाचता येत नसेल तर मराठी भाषांतर आणा, मिळतं. रुकू अरबीत पढला की त्यातल्या एकाच आयतीचा अर्थ मराठीत वाचा. फक्त भाषांतर वाचून मसले (धर्माच्या नियमांचे प्रश्न) सोडवायला बसू नका, ते इमामसाहेबांना विचारा.

घरातल्या बायकांचा नेम

मासिक पाळीच्या दिवसांत हनफी उलमा तिलावतीला मनाई करतात. मग नेम तुटतो, आणि पाक झाल्यावरही चार-आठ दिवस परत जुळत नाही. त्या दिवसांत दुआ, दरूद (प्रेषितांसाठीची दुआ), जिक्र (अल्लाहचं स्मरण) आणि दुसऱ्याची तिलावत ऐकणं याला मनाई नाही. वेळ तीच ठेवा, बसायची जागा तीच. मग पुन्हा सुरू करायला वेगळा जोर लावावा लागत नाही.

मोबाइलवर सूरह बकरा लावून सगळे गप्पा मारत बसतात, तेही टाळा. कुरआन पढलं जात असताना कान देऊन ऐका आणि गप्प राहा, असा हुकूम आहे (7:204). भाजी निवडताना लक्ष देऊन ऐकलं तर ठीक, नाहीतर बंद केलेलं बरं.

चुकलेल्या दिवसांची थकबाकी

चार दिवस राहिलं की माणूस म्हणतो, आता आठ पानं बाकी. पुढच्या आठवड्यात वीस. मग ती थकबाकी एवढी फुगते की कुरआन खाली काढायचीच धास्ती वाटते. ही नमाज नाही, हिची कझा (राहिलेलं नंतर भरून काढणं) लागत नाही. खुणेची फीत जिथे आहे तिथून पुढे वाचायला लागा. रात्रीचा नेम झोपेने चुकला तर त्याला वेगळी सवलत आहे. मुस्लिममधल्या हदीसीप्रमाणे तो फजर आणि जुहरच्या (दुपारच्या नमाजेच्या) दरम्यान पढला तर रात्रीच पढल्यासारखा लिहिला जातो. रात्रपाळीची लाइन असलेल्यांनी ही वेळ डोक्यात ठेवावी: सकाळी ढोरं सोडून, न्याहारी करून, वावरात निघायच्या आधी दोन पानं.