सानरिकूत वाकामे कापायला जाताना

जपानच्या ईशान्येला इवाते आणि मियागी प्रांतांच्या सानरिकू किनाऱ्यावर वाकामे हे समुद्रशैवाल दोरांवर वाढवतात. कापणी साधारण फेब्रुवारी ते एप्रिल, त्यातही मार्च धरा. मुलांच्या मे महिन्याच्या सुट्टीत गेलात तर हंगाम उरकलेला असेल.

वारा वाढला की बोट सुटत नाही, म्हणून एक दिवस हाताशी जादा ठेवा. निघायचं पहाटेच असतं, तेव्हा आदली रात्र बंदराजवळच्या मिन्शुकूत, म्हणजे घरगुती निवासात काढा. शिंकान्सेनने (बुलेट ट्रेनने) इचिनोसेकी, पुढे ओफुनातो लाइन या रेल्वेने केसेन्नुमा हे बंदराचं गाव. या लाइनवर गाड्या मोजक्याच आहेत. कापणी आधी नोंदवूनच करा. खडकावरचं वाकामे परस्पर तोडू नका: तिथला हक्क मच्छीमार सहकारी संस्थेचा असतो आणि दंड १० लाख येनपर्यंत होऊ शकतो.

आतून थर्मल, वर रेनकोट-पँट, पायात गमबूट, रबरी हातमोज्यांच्या आत लोकरीचे हातमोजे. जीन्स नकोच, भिजली की दिवसभर अंगाला गार चिकटते. बोट लागत असेल तर गोळी निघण्याआधी तासभर घ्या, मळमळायला लागल्यावर तिचा फारसा उपयोग नाही. लहान मूल सोबत असेल तर लाइफ जॅकेटचं माप आधी कळवा.

दोर वर आला की विळ्याने कापायचं. बुंध्याशी झालर असते ती मेकाबू, तिची रास वेगळी. समुद्रात तपकिरी दिसणारं पान उकळत्या पाण्यात क्षणात हिरवंगार होतं. अर्ध्या-एक मिनिटात काढून लगेच गार पाण्यात टाकायचं, नाहीतर लिबलिबीत होतं.

शाकाहारी मंडळी फसतात ती जेवणात. शेवाळ आणि तोफूचं मिसो सूप निरुपद्रवी वाटतं, पण त्यातला दाशी, म्हणजे सूपचा मूळ रस, बहुधा सुकवलेल्या बोनिटो माशाचा असतो. शाबूशाबू (उकळत्या रसात बुडवून खायचा पदार्थ) सोबतच्या पोन्झूत, म्हणजे आंबट सोया सॉसमध्येही तो असू शकतो. नुसतं ‘मासे नकोत’ पुरत नाही. ‘कात्सुओ (बोनिटो) दाशी नको, कोंबू (जाड समुद्रशैवाल) दाशी चालेल’ असं बुकिंग करतानाच जपानीत लिहून कळवा. थायरॉइडचा त्रास असेल किंवा वॉरफरिन हे रक्त पातळ ठेवणारं औषध चालू असेल तर डॉक्टरांना आधी विचारा: शैवालात आयोडीन असतं, कोंबूत तर फारच, आणि वाकामेत व्हिटॅमिन ‘के’सुद्धा.

घरी न्यायला खारवलेल्यापेक्षा सुकं वाकामे सोयीचं, त्याला फ्रिज लागत नाही. भिजवलं की ते दहापट फुगतं. वाटीभर सूपला १ ग्रॅम पुरे.