सीडी४च्या गेटबाहेर राहिलेल्या पेशी

एचआयव्ही पेशीत शिरताना तिच्या पृष्ठभागावरच्या सीडी४ या रिसेप्टरला आणि सीसीआर५ किंवा सीएक्ससीआर४ या सहरिसेप्टरला चिकटतो, हे सर्वांनाच पाठ असते. शिरल्यानंतर तो त्याच सीडी४चे काय करतो, याकडे मी लक्ष दिले नाही आणि नागपुरात प्रबंध लिहिताना माझे तीन महिने वाया गेले.

प्रयोगशाळेत संसर्ग घडवलेल्या टी-पेशींच्या (रोगप्रतिकारक पांढऱ्या पेशींच्या) फ्लो सायटोमेट्रीच्या, म्हणजे चमकत्या अँटिबॉडी लावून एकेक पेशी मोजण्याच्या तंत्राच्या, फाइली माझ्याकडे केवळ विश्लेषणासाठी आल्या होत्या. मे महिन्यात, कूलरच्या घरघरीत, एका सीनियरचा गेटिंगचा, म्हणजे कोणत्या पेशी मोजणीत घ्यायच्या ते ठरवण्याचा, तयार साचा मी जसाच्या तसा लावला: आधी सीडी३ (टी-पेशींची खूण), मग सीडी४ पॉझिटिव्ह, त्यात पी२४ (विषाणूचे प्रथिन, म्हणजे संसर्गाची खूण). संसर्गित पेशी इतक्या थोड्या निघाल्या की संसर्ग नीट झालाच नाही, असे मी मसुद्यात लिहूनही टाकले. आमच्या टेक्निशियन ताईंनी पडद्यावर बोट ठेवून विचारले, "गेटच्या डावीकडचा हा पी२४चा पुंजका कशाचा?"

तो पुंजका संसर्गित पेशींचाच होता. विषाणूचे नेफ हे प्रथिन पृष्ठभागावरचा सीडी४ पेशीच्याच एपी-२ या प्रथिनसंचाच्या मदतीने आत ओढून लायसोसोमकडे, म्हणजे मोडतोडीच्या पिशवीकडे, धाडते. नव्याने तयार होणाऱ्या सीडी४ला विषाणूचे एन्व्ह प्रथिन एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलममध्येच (जिथे तो घडतो तिथेच) अडकवते आणि विषाणूचेच व्हीपीयू हे प्रथिन त्याला प्रोटिएसोमच्या, म्हणजे प्रथिने तोडणाऱ्या यंत्रणेच्या, हवाली करते. त्यामुळे संसर्ग जितका मुरलेला, तितकी ती पेशी सीडी४च्या गेटबाहेर जाण्याची शक्यता जास्त, म्हणजे जे मोजायचे तेच आपण आधी वगळतो. म्हणून सीडी३ पॉझिटिव्ह, सीडी८ (दुसऱ्या प्रकारच्या टी-पेशींची खूण) निगेटिव्ह असा गेट घ्यावा, आणि मगच पी२४ व सीडी४ समोरासमोर मांडावेत. तुलनेला त्याच नळीतल्या पी२४ निगेटिव्ह पेशी असतातच. सीडी४ ओळखणाऱ्या अँटिबॉडीचा क्लोनही (नेमका प्रकार) तपासावा, कारण विषाणूच्या आवरणावरचे जीपी१२० सीडी४ला चिकटलेले असेल तर एसके३ या क्लोनला जागा मिळत नाही, ओकेटी४ला मात्र मिळते.

रुग्णाच्या अहवालातला सीडी४ काउंट ही वेगळीच बाब आहे: तो मायक्रोलिटरमागे २००च्या खाली गेला म्हणजे रक्तातल्या पेशी घटल्या, प्रत्येक पेशीवरचे रिसेप्टर नव्हे. या दोहोंची गल्लत मौखिक परीक्षेत हमखास पकडली जाते.

सीनियरचे साचे वापरू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. मार्गदर्शकांना मात्र हे मान्य नाही. घाबरण्याचे कारण नाही, कच्च्या फाइली जपल्या असतील तर काहीच बुडत नाही. माझ्या सगळ्या फाइलींचे गेट दोन दुपारींत बदलून झाले, आणि "संसर्ग नीट झाला नाही" हे वाक्य मी ताईंच्या समोरच खोडले.