मोठे टायर बसवताय? या चुका टाळा

गाडी चिखलात रुतली की दोष टायरवर ढकलला जातो. पुढच्याच रविवारी मालक टायरच्या दुकानात हजर आणि प्रश्न एकच: "सगळ्यात मोठा कुठला बसेल?" खरं तर अशा दहांतल्या सात-आठ गाड्या टायर लहान म्हणून रुतलेल्या नसतात, टायरमध्ये हवा जास्त म्हणून रुतलेल्या असतात. पण हवा सोडायला पैसे पडत नाहीत, म्हणून तो उपाय कुणाला पटत नाही.

साइझ डोळ्यांनी ठरवणं

महिंद्रा थारच्या १६ इंची रिमवर कंपनीचा टायर २४५/७५ आर १६ (रुंदी २४५ मिमी, कडेची उंची रुंदीच्या ७५ टक्के, रिम १६ इंची). याचा व्यास साधारण ७७४ मिमी. दुकानात डोळा जातो तो २८५/७५ आर १६ वर, व्यास ८३४ मिमी. म्हणजे ६० मिमी वाढले. पण गाडी उचलली जाते त्याच्या निम्मी, फक्त ३० मिमी. डिफरन्शियलचा भोपळा (अ‍ॅक्सलच्या मधला गिअरचा गोल डबा) दगडावर आपटायचा थांबेल तो एवढ्याच फरकानं. या ३० मिमीसाठी काय काय मोजावं लागतं ते बघा.

चाकाचा घेर पावणेआठ टक्क्यांनी वाढतो. काटा ८० दाखवतो तेव्हा गाडी ८६ नं पळत असते. गिअर तेवढेच 'उंच' होतात, म्हणजे चढावर जिथे दुसऱ्यात निघत होती तिथे पहिला टाकावा लागतो आणि क्लच जळतो. टायर ५ ते १० किलोंनी जड, त्यामुळे ब्रेकला जास्त वेळ लागतो. एवढं करून टायर घासतो.

घासण्याची कथा ठरलेली आहे. दुकानाच्या सपाट फरशीवर चार टायर चढतात, फिटर स्टीअरिंग दोन्हीकडे फिरवून दाखवतो, "कुठे लागत नाही साहेब". मालक खूश. पहिला पाऊस पडतो, ताम्हिणी घाटात गाडी कडेच्या खड्ड्यात एका चाकावर दबते, नेमकं त्याच वेळी वळण असतं, आणि खर्रकन आवाज येतो. टायरचा खांदा आतल्या प्लॅस्टिकच्या लायनरला लागलेला असतो. घरी येऊन लायनर कापलं जातं. पुढच्या फेरीत बंपरचा खालचा कोपरा कापला जातो. मग 'रिम बाहेर काढा' म्हणून स्पेसर, म्हणजे हब आणि रिमच्या मधे बसणाऱ्या जाड चकत्या, येतात. स्पेसर आले की चाकाच्या बेअरिंगवर ताण, खड्ड्यात स्टीअरिंग हाताला झटके देतं आणि सगळा चिखल दारांवर. शेवटी गाडीची बॉडी उंच उचलणारं लिफ्ट किट. टायरचं बिल एकीकडे राहिलं, त्याच्या मागून आलेली बिलं मोठी.

सपाट जमिनीवरची चाचणी ही चाचणीच नव्हे. एक पुढचं चाक दोन फुटी बांधावर किंवा रॅम्पवर चढवा, म्हणजे स्प्रिंग पूर्ण दबेल. त्याच अवस्थेत स्टीअरिंग दोन्ही टोकांपर्यंत वळवा आणि कुणाला तरी खाली बसून बघायला सांगा. दुसऱ्या चाकालाही तेच. मग रिव्हर्समध्ये पुन्हा, कारण मागे जाताना टायर वेगळ्या ठिकाणी लागतो. पूर्ण सेट घेण्याआधी दुकानदाराकडून एकच टायर चढवून हे करून घ्यावं. नाही म्हणाला तर दुसरं दुकान.

लिफ्ट न करता थारला २६५/७५ आर १६ ही समंजस हद्द आहे. घेर चार टक्क्यांच्या आत वाढतो आणि गाडी गाडीसारखीच चालते. मारुती जिम्नीचा मूळ टायर १९५/८० आर १५, त्यावर २१५/७५ आर १५ छान बसतो. अनेक जण २३५/७५ आर १५ चढवतात. तो टायर किमान ६ इंच रुंद रिम मागतो, जिम्नीची मूळ रिम साडेपाच इंची. चिमटलेल्या रिमवर टायर मधे फुगतो आणि मधलीच नक्षी झिजते. शिवाय जेमतेम १३४ न्यूटन-मीटर ओढ (टॉर्क) असलेल्या इंजिनाला एवढं चाक फिरवायला लावणं म्हणजे शेळीला नांगराला जुंपणं.

कायद्याचं एक वाक्य: कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये अडकू शकतात, आणि अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर टायरचा आकडा वाचतो.

हवा न सोडणं

ही सगळ्यांत मोठी चूक आणि सगळ्यांत फुकट दुरुस्ती.

मराठवाड्यात पावसानंतरचं काळ्या मातीचं वावर घ्या. नवे मड टेरेन (चिखलासाठीचे, मोठ्या ठोकळ्यांच्या नक्षीचे) टायर, हवा ३५ पीएसआय, कारण पेट्रोल पंपावरच्या पोरानं तेवढी भरली. गाडी बांधावरून उतरते, वीस फूट जाते, थांबते. मालक अ‍ॅक्सिलरेटर दाबतो. काळी माती नक्षीच्या खाचांत गच्च बसते आणि टायर गुळगुळीत गोळा होतो. तो आणखी दाबतो. चाकं खाली खणत जातात, मग चासी मातीवर टेकते आणि चारही चाकं हवेत फिरल्यासारखी फिरतात. इथून पुढे हवा सोडूनही उपयोग नाही. शेवटी ट्रॅक्टर येतो. ट्रॅक्टरवाला काही बोलत नाही, नुसता त्या महागड्या टायरकडे बघतो.

हवा कमी केली की टायर जमिनीवर लांब पसरतो, रुंदीपेक्षा लांबीनं जास्त. वजन वाटलं जातं, टायर खणत नाही, आणि नक्षीचे ठोकळे वाकून माती झटकतात. आकडे साधारण असे: डांबरावर दारावरच्या स्टिकरप्रमाणे, चिखलात २० ते २२, सह्याद्रीतल्या दगडी वाटेवर २२ ते २४, कोरड्या वाळूत १५ ते १६. गाडी भरलेली असेल तर दोन-तीन वाढवा. दगडात फार खाली जाऊ नका, बेसाल्टची धार साइडवॉलला (टायरच्या कडेच्या भिंतीला) चिरते आणि साइडवॉलचं पंक्चर निघत नाही. १४ च्या खाली साध्या रिमवर टायर कडेवरून निसटतो, विशेषतः झटकन वळताना. कमी हवेवर ताशी २५-३० किलोमीटरच्या वर वेग नको.

हवा चिखलात शिरायच्या *आधी* सोडायची. हे इतकं साधं असूनही कुणी ऐकत नाही. घाट चढून टायर गरम झालेले असतील तर गेज तीन-चार पीएसआय जास्त दाखवेल, तेवढा हिशेब धरा. वॉल्वमधली पिन काढून हवा सोडणारे बहाद्दर ती पिन चिखलात पाडतात. खिशात दोन जादा पिना ठेवा, नाहीतर सरळ डिफ्लेटर (हवा सोडायचं छोटं उपकरण) घ्या.

डांबरावर परत आलात की आधी हवा भरा, मग चहा. कंप्रेसर सिगारेट लायटरच्या सॉकेटला लावू नका. मोठ्या कंप्रेसरच्या ओढीनं त्याचा फ्यूज उडतो. थेट बॅटरीला चिमटे, इंजिन चालू.

गाडी अडकलीच तर एकदाच प्रयत्न करा, तोही आलेल्या चाकोरीतून मागे. चाक फिरतंय आणि गाडी हलत नाही, की पाय उचला. फावडं काढा.

कोकणच्या वाळूबद्दल वेगळं सांगायला नको. भरती कुणासाठी थांबत नाही, आणि गोव्यात किनाऱ्यावर गाडी घातली तर गुन्हा दाखल होतो.

रोज डांबरावर, टायर मात्र मडचे

वर्षाचे साडेतीनशे दिवस पुणे-मुंबई करणाऱ्यानं मड टेरेन का घ्यावेत हे कोडं आहे. मोठ्या ठोकळ्यांत बारीक चिरा कमी असतात, ओल्या डांबरावर पकड कमी, ब्रेकचं अंतर जास्त, आणि ८० च्या पुढे कानात भुंगा. डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींवर चालणारे ऑल टेरेन घ्या. दिसायला कमी रुबाबदार, एवढंच.

स्टेपनी जुनीच ठेवणं

चार टायर मोठे, पाचवा मूळ. पंक्चर झालं की एक चाक लहान, आणि तशीच गाडी ४एच मध्ये (चारही चाकांना ताकद देणारा, जास्त वेगाचा गिअर). पार्ट-टाइम फोर-व्हील-ड्राइव्हमध्ये पुढचा-मागचा अ‍ॅक्सल एकमेकांना जखडलेले असतात. घेर वेगळा असला की फरक ट्रान्सफर केसमध्ये (दोन्ही अ‍ॅक्सलना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या डब्यात) पीळ बनून साठतो. वळणावरही पुढची-मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, त्यामुळेच कोरड्या डांबरावर ४एच टाकू नये, चारही टायर सारखे असले तरी. पाच टायर एकदमच घ्या, दर ८ हजार किलोमीटरला पाचही फिरवा. मागच्या दारावर लटकणारं चाक जड झालं की बिजागऱ्या तपासत राहा.

किरकोळ, पण महाग

टायरवरचे शेवटचे चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. 'नवा कोरा' माल पाच वर्षांचा निघतो.

साइझच्या आकड्याआधी 'एलटी' (लाइट ट्रक) असेल तर तेवढंच वजन पेलायला त्याला जास्त हवा लागते. जुना आकडा तसाच भरू नका.

टायर बदलल्यावर ५०-१०० किलोमीटरनं नट पुन्हा आवळा.

आणि चिखलाच्या सहलीनंतर दोन दिवसांनी स्टीअरिंग थरथरायला लागलं तर अलाइनमेंटला धावू नका. रिमच्या आतल्या बाजूला वाळलेल्या मातीचा एक गोळा असतो. पाण्याचा जोरदार फवारा आतून मारा, चाक अर्धं फिरवून पुन्हा मारा, मग चालवून बघा.